जे कमी फिरतं, तेच आधी झिजतं

निगडीहून चाकणला रोज कामावर जाणाऱ्या माणसाची मोटरसायकल येऊन-जाऊन चाळीसेक किलोमीटर धावते. सतरा इंची चाकाचा टायरसकट घेर साधारण १.९ मीटर असतो, म्हणजे एका किलोमीटरला चाक सव्वापाचशे वेळा फिरतं. दिवसाचे झाले एकवीस हजार फेरे; सुट्ट्या वजा केल्या तरी वर्षाचे साठ लाखांच्या वर. इतकं फिरूनही चाकाचं बेअरिंग बऱ्याचदा काही वर्षं निमूटपणे काम करतं. त्याच गाडीच्या हँडलखालचं बेअरिंग मात्र जन्मात एकदाही पूर्ण फेरा मारत नाही. वळणावर चार अंश इकडे, चार अंश तिकडे, आणि पार्किंगमध्ये काय तो थोडा जास्त. तरीही तिसऱ्या-चौथ्या वर्षी मेकॅनिक पुढचं चाक उचलून हँडल फिरवतो आणि सांगतो, ‘कोन सेट गेलाय.’ मागचं चाक धरून ठेवणाऱ्या चिमट्याच्या जोडाचंही तसंच. साठ लाख फेरे मारणारं शाबूत आणि बसल्या जागी हलणारं खलास, हा उलटा न्याय कसा?

उत्तर असं, की बेअरिंग झिजतं ते फिरण्याने कमी आणि कोरडं पडण्याने जास्त. आणि कोरडं पडण्याचा संबंध किलोमीटरशी थोडा व पाण्याशी फार आहे. हे एकदा पटलं की या बेअरिंगांची देखभाल किलोमीटरच्या आकड्यावर ठेवणं का चुकतं आणि ती पावसाळ्याच्या हिशेबाने का करावी, हे आपोआप उलगडतं.

ग्रीस म्हणजे घट्ट तेल नव्हे

हँडलखालच्या जोडाला आपल्याकडे कोन सेट म्हणतात. फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीत वर एक आणि खाली एक अशा पोलादी वाट्यांच्या जोड्या बसवलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये छर्रे. काही गाड्यांत छर्र्यांऐवजी निमुळते रोलर असतात. गोल छर्रा वाटीला टेकतो तो एका ठिपक्यात. भार आला की पोलाद किंचित दबतं, पण तरी टेकण्याची जागा चौरस मिलिमीटरच्या अंशाएवढीच राहते. अख्ख्या गाडीच्या पुढच्या बाजूचा भार अशा काही ठिपक्यांवर वाटला गेल्याने तिथला दाब प्रचंड असतो. भाराखालच्या बेअरिंगमध्ये चौरस मिलिमीटरला शंभर किलोहून जास्त दाब ही नेहमीची गोष्ट आहे.

एवढ्या दाबाखाली धातूला धातू घासला तर बेअरिंग एक दिवस टिकणार नाही. टिकतं, कारण फिरत्या बेअरिंगमध्ये छर्रा आणि वाटी एकमेकांना जवळजवळ लागतच नाहीत. फिरता छर्रा आपल्यासमोरच्या निमुळत्या फटीत तेल ओढून घेतो आणि त्या तेलाच्या थरावरून पुढे सरकतो. हा थर मायक्रॉनभर किंवा त्याहूनही पातळ असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना यावी. मात्र हा थर एकदा बनवला की कायमचा राहत नाही. छर्रा फिरत राहील तोवर तो क्षणाक्षणाला नव्याने बनतो.

आता हे तेल येतं कुठून? ग्रीसमधून. ग्रीस हे आटवून घट्ट केलेलं तेल आहे असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. ग्रीसमध्ये वजनाने चारपंचमांशाच्या आसपास तेलच असतं, आणि ते धरून ठेवायला एक साबण घातलेला असतो. लिथियमचा साबण सगळ्यांत जास्त वापरात आहे. या साबणाच्या सूक्ष्म तंतूंचं जाळं तेल पोटात धरून बसतं. रसगुल्ला चमच्याने दाबला की पाक बाहेर येतो आणि दाब काढला की तो बराचसा पुन्हा आत शोषला जातो. ग्रीसचं काम जवळपास असंच चालतं. दाब आणि उष्णता मिळाली की तेल पाझरतं, वंगण करतं, आणि बाकीचं ग्रीस आजूबाजूला थांबून राहतं. वंगणाचं खरं काम तेल करतं. साबण त्याचा साठा सांभाळतो.

डब्यावर ‘एपी-३’ किंवा ‘एनएलजीआय २’ असं लिहिलेलं असतं. त्यातला आकडा दर्जा सांगत नाही, घट्टपणा सांगतो. पंचवीस अंश तापमानाच्या ग्रीसमध्ये ठरावीक वजनाचा शंकू पाच सेकंद रुतू देतात आणि तो किती खोल गेला ते मिलिमीटरच्या दहाव्या भागांत मोजतात. २६५ ते २९५ भरलं तर दोन नंबर, २२० ते २५० भरलं तर तीन नंबर. आकडा मोठा तसं ग्रीस घट्ट. लाल, निळं, पिवळं हा रंग मात्र कारखान्याच्या आवडीचा असतो. रंगावरून ग्रीस ओळखणाऱ्या दुकानदारावर फार विसंबू नये.

न फिरण्याची शिक्षा

चाकाच्या बेअरिंगमधला प्रत्येक छर्रा संपूर्ण वाटीभर फिरतो. जाता जाता कडेला साचलेलं ग्रीस थोडंथोडं ढवळतो, तेल पुन्हा मार्गावर आणतो. हँडलखालचा छर्रा आपली जागा सोडत नाही. त्याच्या शेजारच्या छर्र्यापर्यंत पोहोचण्याएवढंही अंतर तो सहसा कापत नाही. चिमट्यात तर हालचाल आणखी कमी. चिमटा अर्धा मीटर लांबीचा धरला आणि मोठ्या खड्ड्यात मागचं चाक दहा सेंटिमीटर उचललं गेलं, तर चिमटा सुमारे अकरा अंश वळतो. पण असा खड्डा रोज कितीदा? उरलेला सगळा वेळ रस्त्याच्या बारीक खडबडीने चाक सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर हलत असतं, म्हणजे चिमटा एक-दोन अंश. त्याच्या बोल्टाभोवतीच्या बुशचा व्यास वीस मिलिमीटर असेल तर पृष्ठभागावर ही हालचाल भरते अर्धा मिलिमीटरपेक्षाही कमी.

एवढ्याशा हालचालीत तेलाचा थर बनतच नाही. जो होता तो पहिल्या काही हजार हेलकाव्यांत बाजूला रेटला जातो आणि तिथे नवं तेल ओढून आणणारं कुणी नसतं. मग धातूला धातू लागतो. पृष्ठभागावरचे डोळ्यांना न दिसणारे उंचवटे चिकटतात, तुटतात. तुटलेल्या कणांना हवा लागली की त्यांचा गंज होतो आणि हा गंज साध्या लोखंडापेक्षा कितीतरी कठीण असतो. आता त्या अर्ध्या मिलिमीटरच्या जागेत पॉलिश पेपर घातल्यागत घासण चालू राहते. जुना कोन सेट उघडून पाहिला तर हे दिसतं. वरच्या वाटीतलं ग्रीस तपकिरी झालेलं असलं तरी अजून ओलसर असतं. खालच्या वाटीत मात्र लालसर, कोरडी पेस्ट असते. बोटांत चोळली की कचकचते. पेस्ट पुसली की वाटीत एकसारख्या अंतरावर उथळ खळगे दिसतात, प्रत्येक छर्र्याला एक. खालचीच वाटी आधी का जाते? पुढचा सगळा भार तिच्यावर येतो आणि पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी व माती पहिल्यांदा तिलाच भेटते.

हे खळगे बघून ‘खड्ड्यात आपटून पडलेत’ असा निष्कर्ष पटकन काढला जातो. आपटून पडणारे खळगे असतात, नाही असं नाही. सैल राहिलेला कोन सेट आणि चाकण-तळेगाव रस्त्यावरचा एखादा पावसाळी खड्डा यांची गाठ पडली तर पोलादात खरोखर ठसा उमटतो. अशा ठशाला बेअरिंगवाले ब्रिनेलिंग म्हणतात. स्वीडनच्या योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० साली गोळी दाबून धातूची कठिणता मोजण्याची पद्धत काढली, त्यांच्या नावावरून. पण तसेच दिसणारे खळगे बिनआपटीचेही पडतात. अमेरिकेत डेट्रॉइटहून नव्या मोटारी रेल्वेने दूर पाठवल्या जात, तेव्हा एक किलोमीटरही न धावलेल्या मोटारींच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये असे खळगे सापडायचे. चाकं बांधलेली, फिरणं बंद, आणि दिवसचे दिवस रुळांचा हादरा. जनरल मोटर्सच्या जॉन आल्मेन यांनी १९३७ मध्ये याची उकल मांडली, की हा भाराचा ठसा नाही, बारीक थरथरीने वंगण निघून जाऊन झालेली झीज आहे. याला फसवं ब्रिनेलिंग म्हणतात. आपल्या कोन सेटचा आजार बहुतेक वेळा हाच असतो, आपटीची त्यात भर पडते एवढंच.

गाडीचा बहुतेक प्रवास सरळ असल्याने खळगे पडतात ते हँडल सरळ असतानाच्या जागी. त्यातून एक लक्षण उद्भवतं जे अनेकांना कळत नाही. दुचाकी चालताना पुढचं चाक सतत अंशभर डावी-उजवीकडे होऊन स्वतःचा तोल सावरत असतं. छर्रे खळग्यांत बसले की ही सावरासावर अडते. मग भोसरीच्या सिग्नलपाशी गर्दीतून हळू जाताना गाडी डुलते, सरळ रेषेत राहत नाही, आणि माणूस टायरच्या हवेला किंवा आपल्या हाताला दोष देतो.

पाणी शिरतं कुठून

ग्रीस बाजूला सरतं हे खरं, पण चांगलं ग्रीस जवळपास असेल तर थोडंफार तेल झिरपून परत येतं आणि झीज मंदावते. पाणी आलं की हा शेवटचा आधारही जातो. पाण्याचा बेअरिंगवरचा परिणाम मोजलेला आहे. १९७७ साली टिमकेन कंपनीच्या कँटली यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत तेलातलं पाणी दर दहा लाख भागांत शंभरवरून चारशेवर गेलं तेव्हा रोलर बेअरिंगचं आयुष्य निम्म्याहून कमी झालं. चारशे भाग म्हणजे एका लिटरला अर्धा मिलिलिटरही नाही. त्या चाचण्या तेलात फिरणाऱ्या बेअरिंगच्या होत्या, ग्रीसमध्ये डुलणाऱ्या नव्हे, तेव्हा आकडा जसाच्या तसा कोन सेटला लावता येणार नाही. पण दिशा तीच आहे, आणि आपल्या जोडांत पाणी अर्ध्या मिलिलिटरच्या हिशेबात शिरत नाही.

ते शिरतं दोन वाटांनी. पहिली पावसाची. कोन सेटला आणि चिमट्याला रबराचे सील असतात, पण ते उडणारं पाणी आणि धूळ थोपवण्यासाठी असतात. पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात पाळ्यांत काम करणाऱ्या हजारो जणांच्या गाड्या आठ-आठ तास उघड्यावर उभ्या असतात, साइड स्टँडवर कललेल्या. पाणी ओघळून जोडांच्या कडांना साचतं. सुटी झाली की तीच गाडी चिखलातून, डंपरने उडवलेल्या बारीक राबिटातून निघते. दुसरी वाट आपण पैसे देऊन उघडतो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप शंभर बारच्या आसपासचा, म्हणजे हवेच्या शंभरपट दाब सहज देतो. हातभर अंतरावरून तो जोडावर धरला की सीलची ओठासारखी कड उचलली जाते आणि पाणी आत. सोबतच्या फोममधलं डिटर्जंट तेलाला पाण्यात मिसळून नेण्यासाठीच बनवलेलं असतं, आणि ते चेनवरचं तेल व बेअरिंगमधलं तेल असा भेद करत नाही. गाडी तापलेली असताना धुतली तर आणखी एक गोष्ट होते. आतली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरचं पाणी सीलच्या कडेने आत ओढलं जातं. डिस्कजवळच्या चाकाच्या बेअरिंगला हा धोका सगळ्यांत जास्त.

‘पण माझी गाडी फार चालत नाही, वर्षाला तीन हजार किलोमीटर,’ हा आक्षेप इथे हटकून येतो. दुर्दैवाने न चालणं हा इथे बचाव नाही. थोडी चालणारी आणि चार महिने उघड्यावर भिजणारी गाडी जोडांच्या दृष्टीने जास्त चालणाऱ्या व छपराखाली राहणाऱ्या गाडीपेक्षा वाईट स्थितीत असते. मीटरला किलोमीटर मोजता येतात, पाऊस मोजता येत नाही. म्हणून मॅन्युअलमधला किलोमीटरचा आकडा ही वरची मर्यादा समजावी. खरा मुहूर्त पावसाळा सरल्याचा. या पट्ट्यात तो शोधायलाही लागत नाही: खंडेनवमीला शॉपमधली लेथ, ड्रिल, प्रेस झाडूनपुसून, ग्रीस-तेल करून पूजेला तयार होतात आणि दसऱ्याला गाडीला हार पडतो. यंत्र उघडून वंगण घालण्याचा दिवस म्हणून याहून योग्य वेळ वर्षात नाही.

ट्रकवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत ट्रकची पुढची चाकं जिच्याभोवती वळतात त्या किंग पिनला, पाट्यांच्या पिनांना ग्रीस गनने ग्रीस भरताना कुणीही पाहावं. कडेने जुनं, काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसू लागेपर्यंत दट्ट्या थांबत नाही. किंग पिनचा जोडही पूर्ण फिरत नाही, तोही नुसता डुलतो; दुखणं तेच. फरक इतकाच की ट्रकच्या त्या जोडाला ग्रीस भरायचं निपल बाहेर डोळ्यांसमोर असतं. मोटरसायकलवर खर्च आणि जागा वाचवण्यासाठी ते बहुधा नसतं, आणि जे दिसत नाही ते सर्व्हिसिंगमध्ये राहून जातं.

चिमट्यात नेमकं काय आहे?

घरी पाना हातात घेण्याआधी हा प्रश्न सोडवलाच पाहिजे, कारण चिमट्याच्या जोडात तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात आणि एकीचं औषध दुसरीला विष ठरतं.

पहिली सुई बेअरिंग. काडीसारखे बारीक, लांब रोलर आणि त्यांच्या आत कठीण पोलादाचा बुश. हिला ग्रीस हवंच, आणि भरपूर. दुसरी साधा बुश, पितळी किंवा कडक प्लास्टिकचा. त्यात पोलादी नळी घासून फिरते. यालाही ग्रीस लागतं. तिसरी रबरी बुश, ज्याला मेकॅनिक सायलेंट बुश म्हणतात. बाहेर एक पोलादी नळी, आत एक, आणि दोन्हींना पक्कं चिकटवलेलं रबर. चिमटा हलतो तेव्हा इथे काहीच घसरत नाही, रबरच पिळतं आणि परत येतं. याला ग्रीस लावणं नुसतं निरुपयोगी नाही, घातक आहे, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. रोजच्या वापराच्या पुष्कळ गाड्यांत हाच प्रकार असतो. तेव्हा ‘चिमट्याला ग्रीस मारून दे’ हा सरसकट आग्रह चुकीचा.

मात्र रबरी बुशच्या गाडीतही एका जागी ग्रीस लागतं, ते म्हणजे आरपार जाणाऱ्या लांब बोल्टाला. बोल्ट आणि आतली नळी यांच्यामधल्या फटीत पाणी शिरून गंज धरतो, आणि पाच-सहा वर्षांनी बोल्ट इतका बसतो की घणाचे घाव घालून निघत नाही. कापावा लागतो. दोन वर्षांतून एकदा तो काढून, पुसून, ग्रीसचा पातळ हात फिरवला तर ही वेळ येत नाही. आणि एक बारकावा बहुतेक ठिकाणी सुटतो. रबरी बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो मागचं चाक जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन बसल्यावर. चाक लोंबकळत असताना आवळला तर रबर त्या स्थितीत जखडतं, आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहून लवकर फाटतं.

मागच्या शॉकअपची मांडणीही पाहावी. चाकणमध्ये बनणाऱ्या केटीएम ड्यूकमध्ये मागचा एकच शॉकअप थेट चिमट्याला जोडलेला आहे. रॉयल एनफिल्डच्या जुन्या हिमालयनमध्ये शॉकअप आणि चिमटा यांच्यामध्ये तरफांची जोडणी आहे. अशी जोडणी असली की तितके जोड वाढले आणि ते असतात चाकाच्या पुढे, खाली, थेट चिखलाच्या माऱ्यात. त्या गाड्यांत सगळ्यांत आधी तेच कोरडे पडतात.

┌───
चौकट : कुठे ग्रीस, कुठे नाही

कोन सेट, छर्रे किंवा रोलर: भरपूर ग्रीस.
चिमट्याची सुई बेअरिंग, साधे बुश, तरफांचे जोड: भरपूर ग्रीस, सीलच्या कडेलाही.
चिमट्याचा व शॉकअपचा रबरी बुश: ग्रीस नाही, फक्त बोल्टाच्या दांड्याला पातळ थर.
चाकाचं दोन्ही बाजूंनी सील असलेलं बेअरिंग: उघडू नये, खराब झालं की बदलावं.
डिस्क, ब्रेक पॅड, ब्रेक शू: ग्रीसचं बोटही नको.
└───

खोलण्याआधी तपासा

तपासणीला पाने लागत नाहीत. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागे कुणाला तरी भार द्यायला सांगावं, म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहतं. हँडल एका बोटाने, अगदी सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावं. मधोमध अडखळलं, ‘घर’ सापडल्यासारखं बसलं, तर खळगे पडलेत. मग फोर्कचे दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे ओढावेत आणि त्याच वेळी दुसऱ्याने हँडलखालच्या जोडावर बोट ठेवावं. खटका बोटाला जाणवला तर कोन सेट सैल आहे. मागे चाक अधांतरी करून चिमट्याचं टोक धरून आडवं हलवावं. खटका लागला तर तो चिमट्याच्या बोल्टाजवळ आहे की चाकाच्या मध्यात हे बोट ठेवूनच ओळखावं, कारण चाकाचं बेअरिंग गेल्याचा दोष चिमट्यावर सर्रास ढकलला जातो.

खुळखुळ नाही, अडखळ नाही, तरी ग्रीस किती उरलंय हे बाहेरून कळत नाही. इथेच बहुतेक जण थांबतात: ‘आवाज नाही ना, मग कशाला खोला?’ आवाज येतो तेव्हा खळगे पडून गेलेले असतात आणि ग्रीस खळगे भरून काढत नाही. ग्रीसने झीज टळते, भरून येत नाही. म्हणून जोड चालू स्थितीत असतानाच खोलण्यात अर्थ आहे.

कोन सेट उघडताना

गाडी इंजिनखाली जॅक देऊन पक्की उभी करावी. पुढचं चाक, मडगार्ड, फोर्क उतरवले, ब्रेकचा कॅलिपर दोरीने बांधून ठेवला (पाइपवर लोंबकळू देऊ नये) आणि वरचा मोठा नट सोडला की खाली खाचांचा नट दिसतो. त्याला हुक पाना लागतो. छिन्नी-हातोडीने तो फिरवण्याची गल्लीबोळातली रीत खाचा फोडते. हा नट सुटताच सुटे छर्रे असतील तर घरंगळतात, म्हणून आधी खाली जुनं फडकं पसरावं. वरचे आणि खालचे छर्रे वेगळे ठेवावेत, मोजावेत.

सगळं रॉकेल किंवा डिझेलने धुऊन पूर्ण कोरडं करावं. मग नखाची परीक्षा. खालच्या वाटीच्या कडेने नख फिरवावं. नख कुठेच अडकलं नाही तर वाटी चांगली आहे. ठिकठिकाणी टचकन अडकलं तर विषय संपला; पूर्ण सेट, वाट्या आणि छर्रे मिळून, बदलावा. जुन्या खळग्यांत नवे छर्रे घालणं हे पैसे फुकट घालवणं आहे. सुई बेअरिंग असलेल्या चिमट्यात हीच परीक्षा आतल्या बुशवर करावी. चांगल्या बुशचा पृष्ठभाग एकसारखा चमकतो. गेलेल्या बुशवर एका बाजूला, भार येतो त्या भागात, सुयांच्या लांबीएवढ्या समांतर रेषा उमटलेल्या असतात.

ग्रीस किती भरायचं यावर दोन मतं ऐकू येतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. जोरात फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये मोकळ्या जागेच्या तिसरा हिस्सा ते निम्मं ग्रीस पुरतं. जास्त भरलं तर ते घुसळून तापतं आणि तेल लवकर सुटतं. कारखान्यातल्या मोटरच्या बेअरिंगवर काम केलेला माणूस म्हणूनच ‘ठासून भरू नका’ म्हणतो. पण कोन सेट आणि चिमट्याला वेगच नाही. तिथे तापण्याचा प्रश्न येत नाही, आणि उरलेली प्रत्येक मोकळी जागा ही पाण्याची जागा असते. तेव्हा इथे ठासूनच भरावं. ग्रीस दोन नंबरचं, लिथियम कॉम्प्लेक्स किंवा पाण्यात टिकणारं कॅल्शियम सल्फोनेटचं असावं. जुन्यावर नवं थापू नये. काही साबण एकमेकांत मिसळले की पातळ होऊन वाहून जातात, म्हणून जुनं पूर्ण धुऊनच नवं भरावं. गंज सोडवणारा स्प्रे फटीतून मारणं हा तर उलटा उपाय आहे. तो पातळ असल्याने आत शिरतो, उरलंसुरलं ग्रीस विरघळवतो आणि उडून जातो. दोन दिवस हँडल हलकं वाटतं, मग आधीपेक्षा कोरडं.

जोडताना खाचांचा नट थोडा जोर देऊन आवळावा, हँडल दोन्ही टोकांपर्यंत काही वेळा फिरवावं म्हणजे छर्रे आपापल्या जागी बसतात, मग नट सोडून मॅन्युअलनुसार पुन्हा बेताने आवळावा. बेत जमल्याची खूण: चाक अधांतरी असताना हँडलला मधून हलका धक्का दिला की ते स्वतःच्या वजनाने टोकापर्यंत पडतं, आणि फोर्क ओढला तर खटका लागत नाही. घट्ट झालं तर नव्या कोन सेटची गाडीही जुन्यासारखी डुलते. बोल्टांच्या आट्यांवर ग्रीस राहू देऊ नये, मॅन्युअलने सांगितलं असेल तरच लावावं. आटे ओशट असले की तितक्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

घरी, की मेकॅनिककडे?

चाकाच्या बेअरिंगच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. ६३०१, ६३०२ असे क्रमांक असलेली ही बेअरिंगं सीलबंद असतात (शेवटच्या ०१ चा अर्थ आतलं भोक १२ मिलिमीटरचं, ०२ म्हणजे १५ मिलिमीटरचं). सील उचकटून त्यात ग्रीस भरण्याचा उद्योग करू नये. परत बसवलेलं सील पूर्वीसारखं बसत नाही आणि नवं बेअरिंग चिंचवडच्या कुठल्याही दुकानात मिळतं. शॉकअपच्या आतल्या भागालाही हात लावू नये, त्यात दाबलेला वायू असू शकतो.

कोन सेट आणि चिमटा घरी करता येतो, पण कुणी? ज्याच्याकडे गाडी न हलता उभी राहील असा आधार आहे, टॉर्क पाना आहे आणि त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आहे, त्याने. यांतलं एकही नसेल तर तपासणी घरी करावी आणि खोलणं मेकॅनिकवर सोपवावं. चिमट्याचा बोल्ट अंदाजाने आवळणं हे काही हौसेचं काम नव्हे, मागचं अख्खं चाक त्या एका बोल्टावर आहे.

आणि मेकॅनिककडे देताना जॉब कार्डवर नुसतं ‘ग्रीसिंग’ लिहून घेऊ नका. त्या एका शब्दात साइड स्टँड, ब्रेक पेडल आणि क्लच लिव्हर एवढ्यावरच काम उरकतं. ‘कोन सेट उघडून, धुऊन ग्रीस, चिमट्याचा बोल्ट काढून, साफ करून ग्रीस’ असं पूर्ण वाक्य लिहून घ्या. सेट बदलला असेल तर जुन्या वाट्या मागून घ्या आणि खालच्या वाटीवर नख फिरवून बघा.